तारीख आधी की ऊस आधी?

साखरपुडा होऊन आठ दिवस झाले. पेढ्यांचा रिकामा बॉक्स अजून फ्रिजवरच आहे. आईने त्यात सुपारी नि हळकुंडं ठेवलीत. काल रात्री वडील पंचांग घेऊन बसले. तुळशीचं लग्न झाल्याशिवाय आपलं नाही, हे ठरलेलंच. पण तेव्हाच कारखान्याची ऊसतोडणी सुरू होते. टोळी कधी येईल ते गुरुजींना काय माहीत!

मग पाहुण्यांची यादी. घराघराला 'सहकुटुंब' लिहीत आई चारशेवर गेली. मी म्हटलं, कमी करू. मामा हसले, "पुणतांब्यात बोलावणं चुकलं तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो." पण खर्चही बघायला हवा. १ जून २०१७ ला शेतकरी संप इथूनच पेटला; शेतमालाचा भाव पडला की काय होतं, हे या घराला शिकवावं लागत नाही. म्हणून बस्ता येवल्याला, पण पैठणी एकच, असं मीच सांगून टाकलं. आईचा चेहरा पडला.

सकाळी आम्ही दोघी चांगदेव महाराजांच्या समाधीला जाऊन आलो. पाया पडून उठताना आई हळूच म्हणाली, "पदरावर मोर मात्र हवेत."