वावळाची ओळख

आंबा, चिंच, कडुनिंब, वड आणि पिंपळ ही झाडे तुम्ही दुरूनही ओळखता. पण रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठी किंवा कब्रस्तानाच्या भिंतीलगत उभे असलेले एक उंच झाड तुम्ही रोज पाहत असाल आणि त्याचे नाव तुम्हांला ठाऊक नसेल. त्या झाडाचे नाव वावळ. हिंदी आणि उर्दू बोलणारे लोक त्याला चिलबिल किंवा पापडी म्हणतात. संस्कृतात त्याला चिरबिल्व असे नाव आहे. नावे अनेक असली, तरी झाड एकच.

थंड हवेच्या देशांत एल्म नावाचे झाड आढळते. वावळ हे त्याच कुळातले, पण आपल्या मातीतले झाड आहे. विल्यम रॉक्सबर्ग या शास्त्रज्ञाने पूर्वी त्याला एल्मच्याच प्रजातीत घातले होते. पुढे 1848 मध्ये प्लांशाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजाती मानली. तेव्हापासून त्याचे शास्त्रीय नाव 'होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया' असे आहे. 'इंटेग्रिफोलिया' म्हणजे अखंड कडेच्या पानांचे. एल्मच्या पानांची कड करवतीसारखी दातेरी असते. वाढलेल्या वावळाच्या पानाची कड मात्र सरळ असते.

आता हे झाड ओळखायचे कसे? प्रथम खोड पाहा. साल राखाडी रंगाची असते आणि जुन्या झाडावर तिचे पापुद्रे सुटतात. मग एक पान चुरगळून त्याचा वास घ्या. तो वास उग्र आणि नकोसा असतो. एकदा घेतला, की विसरत नाही. हिवाळ्यात वावळाची पाने गळतात. जानेवारी-फेब्रुवारीत उघड्या फांद्यांवर बारीक फुलांचे झुबके येतात. त्यांना ना रंग, ना सुगंध. त्यामुळे कोणी मान वर करून पाहत नाही. खरी ओळख पटते ती फळांवरून. रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी, गोल फळे गुच्छांनी लागतात. मध्ये एक बी आणि भोवती पातळ कागदासारखा पंख. उन्हाळ्यात ती वाळतात आणि वारा सुटला, की भिरभिरत दूर जातात. चिमुकला पापडच जणू! पापडी हे नाव त्याला किती शोभते, पाहा.

या पापडीतले बी खाता येते. खेड्यांतील मुले ते सोलून खातात, कोणी भाजूनही खातात. माकडांना तर ते फार आवडते. लाकूड पिवळसर असते. त्यापासून गाडीच्या फळ्या, शेतीची अवजारे आणि कंगवे बनवत. उरलेले लाकूड चुलीत जाई. सांधेदुखी, सूज आणि नायटा यांवर साल व पाने वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण मुलांनो, वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपचार करू नका. शिवाय या झाडाच्या परागांमुळे काही लोकांना शिंका येतात आणि दम्याचा त्रास वाढतो, हेही लक्षात ठेवा.

माझे नाना बैलगाड्या दुरुस्त करत. लाकडाला हात लावून ते झाडाचे नाव सांगत. चाकाला बाभूळ हवी, तळाच्या फळीला पापडी चालेल, असा त्यांचा हिशोब असे. त्यांच्या मागे बैलगाड्या कमी झाल्या आणि हा हिशोबही लोक विसरले.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातला एक जुना वावळ तोडायचे ठरले. पाचोळा फार पडतो, एवढीच तक्रार होती. अर्जात झाडाचे नाव लिहायची जागा होती. तिथे 'जंगली झाड' असे लिहिले गेले. मी घरोघर जाऊन सांगितले, की याला नाव आहे, याचा उपयोग आहे. वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले. पण सह्या आधीच झाल्या होत्या. दोन दिवसांत झाड पडले. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात एकही पापडी उडून आली नाही.

'जंगली' या शब्दाला दया येत नाही, हे मला तेव्हा कळले. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यावर कुऱ्हाड घालताना हात थोडा तरी थांबतो. आपल्या राज्यात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी 1975 चा कायदा आहे आणि परवानगीशिवाय तिथे झाड तोडता येत नाही. परंतु कायदा कागदावर असतो. झाडाची ओळख माणसांच्या मनात असावी लागते.

म्हणून तुम्हांला एक काम सांगते. येत्या उन्हाळ्यात वर्गात एखादी पापडी उडून आली, तर ती झाडून टाकू नका. ती कोणत्या झाडावरून आली, ते शोधा. घरी दादी-नानींना तिचे नाव विचारा आणि ते वहीत उर्दूत लिहा. शेजारी मराठीत लिहा : वावळ. मग ती पापडी पावसाळ्याच्या तोंडावर मोकळ्या जागी मातीत टाका.