उसाच्या रानातून देवदारांच्या खोऱ्यात

मे महिन्यात आमच्या लासुर्ण्याला दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे आमचं गाव. भोवती ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, जवळच वालचंदनगर. एवढं हिरवं म्हणजे गारवा असेल, असं पाहुण्यांना वाटतं. इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी दिलेल्या उसातून येणारी वाफ निराळीच! अशा दिवसांत आम्ही कुलू-मनालीच्या खोऱ्यात जाऊन आलो. तुमच्याही घरात असा बेत शिजत असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

बेत मी मांडला तेव्हा आमचे हे म्हणाले, "एवढ्या पैशात विहिरीवर नवी मोटर बसेल." म्हणणं खोटं नव्हतं. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यातलं तीन वर्षं बाजूला टाकलेलं होतं. शिवाय सासूबाई अडुसष्टाव्या वर्षात. पंढरपूर आणि माहेर यापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नाही. मोटर पुढच्या वर्षीही मिळेल. सासूबाईंचे गुडघे पुढच्या वर्षी कसे असतील, ते कोण सांगणार?

शेतकऱ्याच्या घरात सहलीची तारीख कॅलेंडर ठरवत नाही, कालवा ठरवतो. उन्हाळी आवर्तनात आपली पाळी होऊन खोडवा भिजला, की मगच पाय बाहेर. जनावरांचं धाकट्या जाऊबाई आणि भाऊजींनी पाहिलं. पुढच्या मे महिन्यात ती दोघं मुलांना घेऊन जायची आणि धारा मी काढायच्या, असा आमचा करार आहे. हे आधीच बोलून घ्या, बरं का. नाहीतर सहल चार दिवसांची आणि अबोला चार महिन्यांचा!

आता गारव्याचा हिशेब. दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. लासुर्णे सुमारे पाचशे मीटरवर, मनाली दोन हजारांच्या थोडं वर. म्हणजे दहा अंश नुसत्या चढणीचे. मे महिन्यात तिथं दुपार पंचविशीच्या आसपास आणि पहाट दहाच्या. आपल्याकडे थंडीतही क्वचितच लागतं ते सगळं तिथं लागतं. पण म्हणून दुकानात धावू नका. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा आत सुती, वर पातळ लोकर, त्यावर वारा अडवणारं काही, असे थर बरे. ऊन चढलं की एकेक काढता येतं. बर्फातले बूट आणि कोट वाटेवरच्या दुकानांत भाड्यानं मिळतात. त्यावर दुकानाचा नंबर असतो, तो नीट ध्यानात ठेवा. सासूबाईंनी नऊवारीवर तो भलामोठा लाल कोट चढवला तेव्हा मुलं हसून हसून लोळली, पण त्या आरामात होत्या. लुगड्याच्या आत लोकरीची विजार, पायांत दोन-दोन मोजे. थंडी पायांतूनच चढते.

दौंडहून उत्तरेला झेलम एक्सप्रेस मिळते. दौंडपर्यंत आम्हा बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ती चैन इथंच संपते. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. दौंडला काही गाड्या जंक्शनात न येता कॉर्ड लाइन स्थानकावरून जातात, तेव्हा तिकिटावरचं नाव वाचून रिक्षा करा. अंबाल्यापर्यंत जवळजवळ दीड दिवस. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, लाडू घेतले की बाहेरचं खायला लागत नाही. अंबाल्याला गाडी आडवेळी पोचते. उजाडेपर्यंत स्टेशनातच थांबलो आणि पुढं मोटारीनं निघालो. डोंगरातला रस्ता दिवसाउजेडीच करावा. वळणांसाठी आलेपाक जवळ हवाच.

पहिले दोन मुक्काम आम्ही मनालीला न करता नग्गरला केले, अठराशे मीटरच्या आसपास. उंचीची सवय हळूहळू व्हावी हे एक कारण, आणि मनालीतली मे महिन्याची गर्दी हे दुसरं. कुलूच्या राजांची जुनी गढी इथं आहे, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर आहे. मला आवडली ती दगड आणि लाकडाचे थर एकावर एक रचलेली घरं. खाली गुरं, वर माणसं. बायका पट्टू नेसतात, म्हणजे लोकरीचं जाड वस्त्र खांद्याशी टाचणीनं अडकवलेलं, आणि पाठीवर किल्टा नावाची निमुळती टोपली. चारा घेऊन चढणाऱ्या एका बाईकडं पाहून सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडं वाढ्यांचा भारा डोक्यावर, हितं पाठीवर. भारा काय सुटत न्हाई."

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर कुकर न्याच. दर तीनशे मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. मनालीत ते त्र्याण्णवलाच उकळतं आणि उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. याच जिल्ह्यात मणिकर्णला मात्र जमिनीतून इतकं कढत पाणी येतं, की गुरुद्वाऱ्यातले लोक त्यात भात-डाळ शिजवतात. मुलांना सफरचंदं खायची होती; मे महिन्यात झाडावर फक्त हिरव्या गोळ्या दिसतात.

सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलं. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, ओकारी, दम लागणं सुरू झालं तर थांबायचं नाही, खाली उतरायचं, असं त्यांनी बजावलं. म्हणून ३,९७८ मीटरवरचा रोहतांग आम्ही सोडूनच दिला. त्याला गाडीचा परवाना लागतो, तो मोजक्याच गाड्यांना मिळतो. त्याऐवजी ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात उतरलो. बरं वाटेनासं झालं तर परत फिरणं सोपं. रस्त्याकडेला मळकट बर्फाचे ढीग होते. सासूबाईंनी मूठभर घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "ह्याला वास न्हाई गं."

बियास नदीपाशी मात्र मुलांचा हात सोडू नका. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं, शिवाय वर धरणं आहेत. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. फोटोसाठी दगडावर उतरले होते. आम्ही काठावरूनच पाहिलं. सासूबाई बराच वेळ बसल्या होत्या. "दिवसरात्र असंच वाहतं? पाळी न्हाई, दारं धरायचं न्हाई?" मी हो म्हटलं. "मग ह्ये लोक झोपतात तरी केव्हा?" त्यांचा हिशेब वेगळा होता, आपल्याकडं पाणी आलं की रात्र जागायची.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिकडं जाऊ नये. जुलै २०२३ च्या पुरात बियासनं मनालीचा रस्ताच ठिकठिकाणी नेला होता. आपल्या शाळांच्या सुट्टीत मे महिना सोयीचा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दहा मेला निघायचं तर अकरा मार्चला सकाळी आठ वाजता. त्या सुमारास आमच्या शाळेत परीक्षांची धांदल असते, म्हणून ते काम मी आमच्या ह्यांच्याकडे दिलं आणि सात वाजताच मळ्यातून बोलावून घेतलं.