चारचौघांत केलेलं काम

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. काचीगुड्याच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगत बसली होती, मी कटाची आमटी वाढत होते आणि फोन वाजला. कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला होता आणि तो पुन्हा कसा सुरू करायचा हे टीममध्ये फक्त मला ठाऊक होतं. आमटीचं भांडं जावेच्या हातात देऊन मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. दीड तासानं बाहेर आले तेव्हा पंगत उठली होती आणि सासूबाईंनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. सासरे मात्र म्हणाले, "अगं, तुमच्या ऑफिसात दुसरं कुणीच नाही का?"

खरं सांगायचं तर त्या प्रश्नानं मी मनातून सुखावलेच. दुसरं कुणी नाही, म्हणजे मी किती महत्त्वाची! हा गैरसमज जायला पुढे एक नवी नोकरी आणि एक मोठी चूक लागली.

सॉफ्टवेअर लिहिणं हे एक काम आणि ते रात्रंदिवस चालू ठेवणं हे दुसरं. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची, ती बिघडली तर जुनी परत आणायची, लॉग वाचून दुखणं शोधायचं. जुन्या नोकरीत हे सगळं मी माझ्या लॅपटॉपवरच्या काळ्या पडद्यावर एकटी करत असे. काय टाइप केलं ते मला माहीत आणि त्या पडद्याला. बाकीच्यांना फक्त "झालं, बघा आता" एवढा निरोप मिळायचा.

नव्या टीममध्ये हीच कामं सगळ्यांच्या चॅट चॅनलमध्ये होत होती. चॅनलमध्ये माणसांसारखाच एक बॉट बसलेला असतो. 'बिलिंगची नवी आवृत्ती टेस्टवर चढव' अशा अर्थाची ठरलेली कमांड तिथे लिहायची. तुम्हाला तो अधिकार आहे का हे बॉट तपासतो, आधीच लिहून तपासून ठेवलेली स्क्रिप्ट चालवतो आणि निकाल त्याच चॅनलमध्ये सांगतो. या पद्धतीला चॅटऑप्स म्हणतात. गिटहब या कंपनीतले इंजिनिअर हुबॉट नावाच्या बॉटकडून अशी कामं करून घेत. 2011 साली त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला आणि ही रीत पसरली. पुढे स्लॅकसारखी साधनं आल्यावर तर लहान टीमनाही हे सोपं झालं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, दोन ओळींच्या कामासाठी एवढा तमाशा कशाला? शिवाय माझी प्रत्येक कमांड वीस माणसं बघणार, ही कल्पनाच नकोशी होती.

पण लीडनं मला पहिला आठवडा काहीच करू दिलं नाही. म्हणाला, "नुसतं वाच." मी जुने बिघाड वरपासून खालपर्यंत वाचत गेले. आधी कुणी काय विचारलं, कोणता आलेख मागवला, कुणाचा अंदाज चुकला, शेवटी कशानं काम झालं, सगळं क्रमानं आणि वेळेसकट तिथे होतं. कुठल्याही मॅन्युअलमध्ये चुकलेले अंदाज लिहिलेले नसतात. इथे तेही शिकायला मिळाले. मग मला फक्त माहिती विचारणाऱ्या कमांड दिल्या. सर्व्हर चालू आहे का, शेवटचा बदल कुणी केला, आज कुणाची पाळी आहे. त्यांनी काही मोडत नाही, हात मात्र बसतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी हाच क्रम सांगेन.

तिसऱ्या महिन्यात ती चूक झाली. दुपारची वेळ होती. टेस्टच्या सर्व्हरना रीस्टार्ट द्यायचा होता आणि मी आधीची कमांड कॉपी करताना नाव बदलायला विसरले. बॉटनं इमानदारीत लिहिलं, 'प्रॉडक्शन रीस्टार्ट सुरू.' म्हणजे खऱ्या ग्राहकांचे सर्व्हर. माझे हात गार पडले. पहिला विचार काय आला असेल? मेसेज पुसून टाकावा आणि कुणाला कळायच्या आत गुपचूप निस्तरावं. जुन्या नोकरीत मी हे दोनदा केलं होतं. आज पहिल्यांदाच लिहून कबूल करते आहे.

तेवढ्यात टीममध्ये वर्षही न झालेल्या एका मुलीनं चॅनलमध्ये विचारलं, "ताई, हे मुद्दाम केलंय का?"

मी लिहिलं, "नाही. माझी चूक." एवढे तीन शब्द लिहायला जड गेले. पण लिहिल्याबरोबर सगळे कामाला लागले. सगळे सर्व्हर एकदम उठून डेटाबेसवर तुटून पडले होते, त्यामुळे एकही नीट सुरू होत नव्हता. ते त्या मुलीच्याच लक्षात आलं, कारण तिनं तसाच एक जुना बिघाड चॅनलमध्ये वाचला होता. तिनं सगळे थांबवून एकेक करून सुरू केले. एकोणीस मिनिटांत काम झालं. एकटी असते तर कारण शोधण्यातच माझा तास गेला असता.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत 'तू असं का केलंस' हे कुणी विचारलं नाही. 'बॉटनं हे होऊ कसं दिलं' यावर चर्चा झाली. आता प्रॉडक्शनच्या कमांडला दुसऱ्या माणसाची संमती लागते. मी ती चूक लपवली असती, तर तो खड्डा पुढच्या माणसासाठी तसाच राहिला असता.

या पद्धतीचीही पथ्यं आहेत. चॅनलमध्ये लिहिलेलं मागे उरतं, म्हणून पासवर्ड तिथे कधीच टाकायचा नाही. बॉटला लागतील तेवढेच अधिकार द्यायचे. दर मिनिटाला इशारे येऊ लागले की माणसं चॅनल म्यूट करतात आणि नेमका महत्त्वाचा इशारा हुकतो. आणि चॅटच बंद पडलं तर? 4 जानेवारी 2021 ला स्लॅक काही तास ठप्प होतं. म्हणून आम्ही जुना काळा पडदाही वापरात ठेवतो आणि अधूनमधून मुद्दाम त्यावरून कामं करून बघतो.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी फोन एकदाच वाजला. मी चॅनल उघडेपर्यंत त्या मुलीनं लिहिलं होतं, "मी बघतेय. ताई, तुम्ही जेवा."

यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. इतकी वर्षं पुरण एकट्या त्याच शिजवत. आम्ही दोघी सुना फक्त लाटायला. यंदा त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि आम्ही शिजवलं. पुरण पहिल्या खेपेला सैल झालं. सगळ्यांसमोरच झालं. सासूबाई म्हणाल्या, "डाळीचं पाणी नीट निथळलं नाहीत. चढवा परत, आटेल."

आम्ही परत चढवलं. पंगतीला अर्धा तास उशीर झाला, पण या वेळी मी शेवटपर्यंत वाढायला होते.