परदेशात इंग्रजी शिकवायचे, पण कोणत्या प्रमाणपत्रावर?

'इंग्रजी बोलता येते? मग जग तुमचेच आहे! फक्त १२० तासांचा अभ्यासक्रम, घरबसल्या प्रमाणपत्र आणि परदेशात नोकरीची हमी.' अशा जाहिराती आजकाल वर्तमानपत्राच्या पुरवणीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे दिसतात. सोबत समुद्रकिनारा, हसरी मुले आणि फळ्यापुढे उभी असलेली एक तरुणी. ती तरुणी बहुतेक वेळा गोरी असते. वाचणाऱ्याचे लक्ष १२० तासांकडे जाते, नोकरीच्या हमीकडे जाते, पण त्या गोऱ्या चेहऱ्याकडे जात नाही. खरी गोम मात्र तिथेच असते.

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेचेही लक्ष आधी तिकडे गेले नव्हते. वय ३४. इंग्रजी घेऊन एम.ए., त्यानंतर बी.एड. एका मराठी माध्यमाच्या शाळेत विनाअनुदानित तुकडीवर ती नऊ वर्षे इंग्रजी शिकवत होती. तुकडीला अनुदान आज मिळेल, उद्या मिळेल, या आशेवर ती नऊ वर्षे गेली. महिन्याअखेर हातात पडणारा आकडा सांगायचाही तिला संकोच वाटे. पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, मुलगा चौथीत, घरात सासूबाई आणि धाकटा दीर. अशात कॉलेजातली एक मैत्रीण व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला गेल्याचे कळले आणि तिच्याही मनाने उचल खाल्ली.

पुण्याच्या एका संस्थेचा माणूस फोनवर मोठ्या अगत्याने बोलला. अठ्ठावीस हजार रुपये फी, दोन रविवार वर्ग, बाकीचा अभ्यास घरी. "मॅडम, प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय मान्यतेचं आहे. या महिन्यात पैसे भरलेत तर नोकरी मिळवून द्यायचं आमच्याकडे लागलं." भिशीचे पैसे नुकतेच तिला लागले होते. रक्कम जवळपास तेवढीच होती.

पतीचे म्हणणे सरळ होते, "अगं, बी.एड. आहे, नऊ वर्षांचा अनुभव आहे. आता आणखी कागद कशाला?"

सासूबाईंचा प्रश्न त्याहून सरळ होता, "आपल्याकडून इंग्रजी शिकणार ते? का, त्यांना इंग्रज मिळेनात होय?"

सगळे हसले. पण शेवटी उपयोगी पडला तो हाच प्रश्न.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर

दिराच्या मदतीने तिने चार-पाच देशांचे नियम शोधून वहीत उतरवले, तेव्हा तिच्या ध्यानात आले की ती उलट्या टोकाकडून निघाली होती. आधी प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग देश शोधायचा, असा तिचा बेत होता. खरे तर आधी देश, मग आपला पासपोर्ट, मग आपले शिक्षण आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र, असा विचार करायला हवा होता.

दक्षिण कोरियातल्या खाजगी क्लासेसमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचे प्रमाणपत्र कितीही उत्तम असले तरी त्या यादीत भारताचे नाव नाही. चीनचा कलही साधारणपणे इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशांच्या लोकांकडेच आहे. जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीयाला तिथे वाट आहे, पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या शिक्षिकेला, एम.ए. असूनही, ती अवघड आहे. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भारतीय शिक्षकांना नेहमीच घेत आल्या आहेत. तिथे वजन पडते ते बी.एड. आणि अनुभवाचे, चार आठवड्यांच्या प्रमाणपत्राचे नव्हे. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये भारतीयांना वाव आहे. मात्र मातृभाषा इंग्रजी नसेल तर पदवी आणि प्रशिक्षणाबरोबर भाषेवरील प्रभुत्वाचा वेगळा पुरावाही सहसा मागतात.

म्हणजे सासूबाईंचे बरोबर होते. पुष्कळ ठिकाणी त्यांना 'इंग्रज'च हवे असतात.

ही समजूत जुनी आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे इंग्रजीच्या अध्यापनाविषयी राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची ती मातृभाषा आहे असा माणूस, हा विचार तिथून बळावला. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात हा विचार भ्रामक ठरवला. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसॉल' या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००६ साली अशा भेदभावाविरुद्ध आपली भूमिका जाहीर केली. पण व्हिसा कार्यालये आणि फी भरणारे पालक ग्रंथ वाचून निर्णय घेत नसतात.

१२० तासांचा हिशेब

पुण्याच्या संस्थेने सांगितलेले १२० तास काही हवेतून आलेले नाहीत. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी थोड्या मुदतीचे प्रशिक्षण सुरू केले. त्याच परंपरेतून पुढे केंब्रिजचे 'सेल्टा' हे प्रमाणपत्र आले. त्यात किमान १२० तासांचे मार्गदर्शन असते, अनुभवी शिक्षकांचे सहा तास वर्ग पाहावे लागतात, चार लेखी निबंध द्यावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास स्वतः शिकवावे लागते. मागे बसून प्रशिक्षक प्रत्येक वाक्य टिपत असतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या 'सर्टटेसॉल' या अभ्यासक्रमातही असेच सहा तास आहेत. शिवाय तिथे प्रशिक्षणार्थ्यांना चार तास एक संपूर्ण अनोळखी भाषा शिकावी लागते. बाकावर बसून काही न कळणे म्हणजे काय, हे शिक्षकालाही पुन्हा एकदा अनुभवता यावे, हा त्यामागचा हेतू.

१२० हा आकडा या धंद्यात प्रसिद्ध झाला आणि मग जो तो तो वापरू लागला. घरबसल्या प्रमाणपत्रातही १२० तास असतात, पण ते संस्थेने स्वतःच मोजलेले. चार धडे वाचायचे, पर्यायांवर खुणा करायच्या आणि छापील कागद मिळवायचा. त्या १२० तासांत एकाही विद्यार्थ्याचे तोंड दिसत नाही. 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हा शब्दही तसाच निसरडा आहे. जगातल्या सगळ्या अशा अभ्यासक्रमांवर देखरेख ठेवणारी एकच एक संस्था अस्तित्वात नाही. एखाद्याने संस्था काढावी आणि तिला मान्यता देणारी दुसरी संस्थाही आपणच काढावी, याला कोणी अडवत नाही.

स्वस्त प्रमाणपत्रे निरुपयोगीच असतात असे मात्र नाही. पदरी बी.एड. आणि अनुभव आहे, नोकरी देणाऱ्या शाळेला केवळ एक कागद हवा आहे आणि तसे तिने लेखी कळवले आहे, तर मोठी फी भरण्याचे कारण नाही. पण ज्याने कधी वर्गच घेतलेला नाही किंवा जो केवळ पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने शिकवत आला आहे, त्याने असला कागद घेऊन परक्या देशात उभे राहणे म्हणजे पुस्तक वाचून पोहायला उतरण्यासारखे आहे.

या शिक्षिकेने पुण्याला फोन करून दोनच प्रश्न विचारले. मला किती तास शिकवायला मिळेल? आणि मी शिकवत असताना बघणार कोण? पलीकडचा अगत्याचा सूर तिथेच बदलला.

"समजलं का?" "हो, बाई!"

तिने सेल्टा निवडला. २०२० नंतर हा अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइनही करता येतो आणि नोकरी सांभाळून काही महिन्यांतही पुरा करता येतो. प्रवेशापूर्वी लेखी काम दिले गेले, मग मुलाखत झाली. जी संस्था पैसे घेण्याआधी तुमची परीक्षा घेते, ती निदान सगळ्यांनाच प्रवेश देत नाही, एवढे तरी कळते. फी लाखाच्या पुढे होती. भिशीचे पैसे तोकडे पडले. बांगड्या मोडायला निघालेल्या सुनेला सासूबाईंनीच थांबवले, "सोनं राहू दे. पतसंस्थेचं कर्ज काढ, मी जामीनदार बघते."

पहिला पाठ चाळीस मिनिटांचा. पडद्यावर निरनिराळ्या देशांतले सात-आठ प्रौढ विद्यार्थी. नऊ वर्षे शिकवलेल्या बाईंना धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. 'यूज्ड टू' हा प्रयोग त्यांनी नियमासकट, उदाहरणांसकट समजावला आणि शेवटी सवयीने विचारले, समजलं का? सगळ्यांनी माना डोलावल्या. पाठ संपल्यावर प्रशिक्षकाने टिपण वाचून दाखवले. चाळीसपैकी एकतीस मिनिटे शिक्षिकाच बोलत होती आणि विद्यार्थ्यांना काय समजले, याचा एकही पुरावा तिच्यापाशी नव्हता.

त्या रात्री तिला जेवण गेले नाही. "नऊ वर्षं मी काय केलं म्हणायचं?" असे ती पतीला म्हणाली.

पण मुद्दा तिला पटला. 'समजलं का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणायला विद्यार्थी धजत नाही, मग तो कोल्हापूरचा असो की ब्राझीलचा. त्याऐवजी 'ही यूज्ड टू स्मोक' हे वाक्य देऊन विचारायचे : तो आता सिगारेट ओढतो का? पूर्वी ओढत होता का? एकदाच की नेहमी? तीन साधे प्रश्न, आणि कोणाला कळले, कोणाला नाही, ते लगेच उघडे पडते. नियम सांगण्याआधी प्रसंग उभा करायचा, मग विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलायला लावायचे आणि आपण गप्प राहायचे. हे गप्प राहणे तिला सर्वांत जड गेले. पाचव्या पाठापर्यंत तिचे बोलणे निम्म्यावर आले होते.

तिची एक जमेची बाजू प्रशिक्षकानेच दाखवून दिली. चूक कुठे होणार, हे तिला आधीच कळत असे. 'अ' आणि 'द' कुठे लावायचे, प्रश्नात 'डू' का येतो, या जागी ती स्वतः कधीकाळी ठेचकाळलेली होती. ज्याला भाषा आईच्या मांडीवर मिळाली, त्याला या खाचखळग्यांचा पत्ता नसतो. चालून आलेल्याला वाट दाखवता येते.

कागदांची वाट

प्रमाणपत्र हाती आल्यावरही काम संपत नाही. पदवीचे, अनुभवाचे आणि पोलिसांच्या दाखल्याचे प्रमाणीकरण करून घ्यावे लागते आणि त्याची पद्धत देशागणिक वेगळी असते. एजंटमार्फत जायचे असेल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याने किती शुल्क घ्यावे यालाही सरकारी मर्यादा आहे, आणि घेतलेल्या पैशांची पावती मागणे हा आपला हक्क आहे.

तिला पहिला निरोप आला तो असा : पर्यटक व्हिसावर या, परवान्याचे इथे आल्यावर पाहू. तिने नकार दिला. अशा नोकरीत पगार बुडाला तर तक्रार कोणाकडे करणार? आपणच बेकायदा ठरतो. दुसऱ्या ठिकाणी चौकशीअंती कळले की त्याच वर्गांसाठी एका ब्रिटिश तरुणाला कितीतरी जास्त पगार होता. प्रशिक्षण तिचेच सरस होते, पासपोर्ट त्याचा. तिने कारण लिहून तिथेही नाही म्हटले. तिसऱ्या ठिकाणी, व्हिएतनाममधल्या एका केंद्राने परवाना, पगार आणि तासिका हे सगळे आधी लेखी दिले. एक वर्षाच्या करारावर ती गेली. मुलाला सोडून जाणारी आई म्हणून आळीत कुजबुज झाली. पती कमावण्यासाठी दुबईला गेला असता तर त्याच आळीने पेढे मागितले असते.

गोऱ्या चेहऱ्याच्या या वेडाला परदेशाला नावे ठेवताना आपण आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली शिक्षिका हवी' अशा जाहिराती आपल्याच शहरांत निघतात. फाडफाड बोलणारी बाई म्हणजे चांगली शिकवणारी, असे आपलेच पालक धरून चालतात. मराठी माध्यमातून आलेल्या शिक्षिकेच्या उच्चारांना स्टाफरूममध्ये हसणारे सहकारीही आपलेच. तिला वर्ग घेता येतो की नाही, हे तिथे मागे बसून कोणी पाहत नाही.

म्हणून तुमच्या घरातल्या मुलीने, सुनेने किंवा मुलाने अशी जाहिरात पुढे केली, तर 'कशाला हवे ते खूळ?' म्हणून झटकू नका आणि 'जग तुमचेच' म्हणून भाळूनही जाऊ नका. जायचे त्या देशात आपल्या पासपोर्टला जागा आहे का, ते आधी पाहा. मग विचारा की शिकवायला किती तास मिळतील आणि ते पाहून आमच्या चुका कोण दाखवील. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तरच पैशांच्या पेटीला हात घाला. व्हिसाचे नियम उद्या बदलतील, नोकरी मिळेल किंवा जाईल. वर्गात वेळेवर गप्प राहून समोरच्याला बोलते करण्याची विद्या मात्र एकदा आली की ती हनोईतही कामी येते आणि कोल्हापुरातही.