कँडीटफ्ट आणि अम्मींचा आठवा हिस्सा

कँडीटफ्टचं फूल आपल्या फुलबाजारात विकायला येत नाही. ते गजऱ्यात ओवता येत नाही, सेहऱ्याच्या कामाचं नाही, त्याचं अत्तरही निघत नाही. त्यामुळे आपल्या पुष्कळ घरांतून ते नावानेही माहीत नसतं. थंडीत रोपवाटिकेत पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्सची रोपं रांगेने मांडलेली असतात, पण कँडीटफ्टचं रोप क्वचितच दिसतं. याचं कारण साधं आहे. या झाडाला मुळं हललेली खपत नाहीत. पिशवीतून काढून दुसरीकडे लावलं की ते रुसतं आणि नीट वाढत नाही. ज्याला हवं त्याने बी आणावं आणि जिथे फुलं हवीत तिथेच पेरावं. आमच्या साताऱ्याच्या घरात गेली वीसेक वर्षं ते असंच पेरलं जातं.

मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातलं हे झाड आहे. शेतात मोहरीला किंवा मुळ्याला फूल आलेलं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना चार पाकळ्यांची रचना लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की कँडीटफ्टच्या चार पाकळ्या सारख्या नसतात. बाहेरच्या दोन मोठ्या, आतल्या दोन लहान. अशी पुष्कळ फुलं एका देठावर छत्रीसारखी जमतात. झाड वीतभर, फार तर हातभर उंच. रंग पांढरा, गुलाबी, जांभळा, किरमिजी.

आमच्याकडे हे फूल आणलं अब्बांनी. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेर फुलांचं प्रदर्शन भरतं, ते पाहायला ते एकदा गेले आणि बियांचं पाकीट घेऊन आले. त्यानंतर त्यांनी बी कधी विकत घेतलं नाही. दर वर्षी आपल्याच वाफ्यातलं बी धरायचं आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून कपाटात ठेवायचं. बाटलीवर वर्ष उर्दूत लिहिलेलं. नाव लिहायचे नुसतं ‘कँडी’.

मागच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अब्बांचा इंतकाल झाला. अम्मी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. भेटायला येणारी माणसं महिनाभर येत राहिली, मग कमी झाली. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक, सकाळी घर सोडतो. मुलं शाळेत. अम्मी नमाज आणि तिलावत झाली की खाटेवर बसून राहायच्या. जेवण अर्धं ताटात राहायचं. सतराव्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, ती बाटली काढली आणि म्हणाल्या, “पाऊस गेला. कँडी पेरायची राहिली.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी अंगणात काही पेरायचंच नाही असं घरात ठरलेलं होतं. धाकटा भाऊ पुण्याहून गाडी घेऊन येतो, ती गल्लीत लावली की शेजाऱ्यांशी वाद होतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे, असं अब्बांच्या हयातीतच बोलणं झालं होतं आणि त्यांनीही मान हलवली होती. गवंड्याला आगाऊ रक्कम दिलेली होती. अम्मी त्या चर्चेत नव्हत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्याही काही बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्यांनी धाकट्याला फोनवर एवढंच सांगितलं, “इद्दत संपेपर्यंत अंगण राहू दे, बेटा.” इद्दतीतल्या आईला नाही कोण म्हणणार? गवंडी फेब्रुवारीपर्यंत थांबला.

मग आम्ही सगळे वाफ्याला लागलो. आमची माती काळी. पाणी धरते, चिकट होते, आणि कँडीटफ्टला निचरा हवा. म्हणून एका वाफ्याला दोन घमेली वाळू, दोन घमेली जुनं शेणखत. खत त्याहून जास्त घालू नये, नाहीतर नुसता पाला माजतो आणि फुलं कमी येतात. काळी जमीन थोडी चुनखडीची असते, ते मात्र या झाडाला मानवतं. जागा दिवसभर उन्हाची निवडली. बोटाच्या पेराच्या चौथ्या भागाइतकी उथळ चरी ओढून अम्मींनी बी चिमटीने सोडलं, वरून चाळलेली माती पसरली आणि झारीने पाणी दिलं. आठव्या-नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.

त्याच आठवड्यात आमच्या फुफी आल्या. वहिनी इद्दतीत असताना खुरपं घेऊन अंगणात बसली आहे हे पाहून त्यांना धक्काच बसला. “भाभी, लोक काय म्हणतील? मेलेल्या माणसाचा चाळीसावाही झाला नाही आणि तुम्ही फुलझाडं लावताय?” अम्मींनी खुरपं खाली ठेवलं आणि आत गेल्या. दोन दिवस अंगणात आल्या नाहीत. रोपांना पाणी मुलांनी घातलं.

आमच्यापैकी एकाने मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अंगण घरातच मोडतं. इद्दतीत बनाव-शृंगार, अत्तर, भडक कपडे नकोत, दुसरा निकाह किंवा त्याचा ठराव नको, राहणं आपल्या घरी. हाताने काम करायला मनाई कुठे आहे? त्यांनी हजरत जाबिर (रजि.) यांच्या खालांची हदीस सांगितली. त्या तलाकच्या इद्दतीत होत्या आणि खजूर उतरवायला निघाल्या तेव्हा एका माणसाने त्यांना दटावलं. त्या रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या. आपने परवानगी दिली आणि सांगितलं, की त्या खजुरांतून कदाचित तुम्ही सदका कराल, एखादं भलं काम कराल. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. तलाकची इद्दत आणि विधवेची इद्दत यांचे नियम अगदी एक नाहीत, हेही मौलानांनी समजावलं. पण विधवेलाही गरजेपोटी दिवसा बाहेर पडायची मुभा आहे, मग ही तर स्वतःच्या अंगणात बसलेली बाई, असं ते म्हणाले. हे आम्ही फुफींना फोन करून सांगितलं. त्या फारशा खूश झाल्या नाहीत, पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा वाफ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. आपल्या घरांतून शरीयतपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हाच मसला पुष्कळदा मोठा असतो. असो.

अम्मी परत वाफ्याजवळ आल्या तोवर विरळणीची वेळ झाली होती. या कामाला कुणाचा हात धजत नाही. रोपं बोटभर होतात, सगळी तरतरीत असतात, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त उपटून टाकायची असतात. दोन रोपांत वीतभर अंतर हवं, नाहीतर ती एकमेकांना दाबत उंच, बारीक वाढतात आणि आडवी होतात. आमच्या मुलीने उपटलेली रोपं डब्यात लावायचा हट्ट केला. एकदोन पानांवर असताना काढलेली क्वचित जगतात, म्हणून लावू दिली. तीन जगली. अम्मींनी मात्र एका बैठकीत पाच ओळी विरळल्या. अब्बांना हे काम जमायचं नाही म्हणाल्या, “ते दर वर्षी जास्तच ठेवायचे. मग डिसेंबरात झाडं पडायची आणि काठ्या लावायला मला बोलवायचे.” अब्बा गेल्यानंतर त्यांच्याबद्दल तक्रारीच्या सुरात त्या पहिल्यांदाच बोलल्या. त्या दिवशी त्यांनी पोटभर भाकरी खाल्ली.

पाण्याची सोय सोपी होती. वजूच्या नळाखाली आम्ही बादली ठेवतो. त्यात साबण नसतो, ते पाणी झाडांना चालतं. पाच माणसांचं पाच वेळचं पाणी एका वाफ्याला पुरून उरतं. थंडीत कँडीटफ्टला रोज पाणी लागतही नाही. माती वरून सुकली की द्यावं, सकाळी, आणि मुळाशी. पानांवर सारखं पाणी पडलं की रोग येतो. डिसेंबरात कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. मोहरीच्या कुळातल्या झाडांवर तो येतोच. अम्मींनी जुन्या सुती ओढणीचा तुकडा ओला करून शेंडे पुसले, मग आठवड्याने निंबोळी अर्क फवारला. ज्या वाफ्यात आदल्या हंगामात कोबी, मुळा लावला असेल तिथे कँडीटफ्ट लावू नये. कीड आणि रोग दोघांचे एकच असतात.

या फुलाच्या नावावरून घरात एक दिवस चांगली चर्चा झाली. मुलांना वाटायचं, कँडी म्हणजे गोळी-चॉकलेट. त्या कँडीचं मूळ फारसी-अरबीतल्या ‘कंद’मध्ये आहे, म्हणजे साखर, गुलकंद आणि कलाकंद या शब्दांत तो अजून बसलेला आहे. पण फुलाच्या नावातली कँडी ती नव्हे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसं, शब्द दिसला की खोदतो. 818 साली स्पेनमधल्या कुर्तुबा शहराच्या उपनगरात लोकांनी अमीराविरुद्ध उठाव केला. तो मोडला आणि हजारो कुटुंबं हाकलली गेली. त्यांतली काही इस्कंदरियाला पोचली, तिथूनही निघावं लागलं, आणि 827 च्या सुमारास अबू हफ्स नावाच्या सरदाराबरोबर ती क्रीट बेटावर उतरली. तिथे त्यांनी शहर वसवलं, भोवती खंदक खणला. शहराचं नावच पडलं ‘अल-खंदक’. ग्रीक लोकांच्या तोंडी त्याचं ‘खांदाक्स’ झालं, व्हेनिसवाल्यांच्या तोंडी ‘कांदिया’, आणि इंग्रजीत साऱ्या बेटालाच ‘कँडी’ म्हणू लागले. त्या बेटावरून आलेलं झुबक्याचं फूल म्हणून कँडीटफ्ट. शास्त्रीय नाव आयबेरिस, ते आयबेरियावरून, म्हणजे ती कुटुंबं जिथून निघाली त्या स्पेनवरून. खंदक तर आपल्या मराठीतही आहे आणि गजवा-ए-खंदक मुलांनी मदरशात ऐकलेली. धाकट्याने त्या दिवसापासून फुलाचं नाव ‘खंदकफूल’ ठेवलं आणि शाळेत बाईंना तेच खरं नाव म्हणून सांगून आला.

28 डिसेंबरला पहिला झुबका उघडला, पांढरा. जानेवारीच्या मध्यावर वाफा भरून गेला. या छत्रीसारख्या जातीला वास जवळजवळ नसतो. उंच तुऱ्याच्या पांढऱ्या जातीला असतो, पण ती आमच्याकडे नाही. अम्मींना ते बरं वाटलं. त्या दिवसांत मोगऱ्याचं रोपसुद्धा त्यांनी खिडकीजवळून हलवायला लावलं होतं. तसं करायची गरज नव्हती, इद्दतीत मनाई स्वतः सुगंध लावण्याची असते. पण त्यांच्या मनाला पटेना. कँडीजवळ मात्र त्या असरनंतर मगरिबपर्यंत बसायच्या. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून बोलायच्या. सुकलेले झुबके त्या कात्रीने काढत जायच्या, त्यामुळे खालून नवीन फुटवे येत राहिले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इद्दत पूर्ण झाली. धाकटा आला, बहीण सोलापूरहून आली, आणि वारसाचं बोलणं निघालं. दफनाचा खर्च आणि देणी आधीच फेडली होती, वसीयत नव्हती. मुलं असल्यामुळे अम्मींचा हिस्सा आठवा, उरलेल्यात दोन भाऊ आणि बहीण, भावाला बहिणीच्या दुप्पट. हे सगळ्यांना माहीत असतं. आणि हेही माहीत असतं, की पुढे बहुतेक घरांत ‘आईला हिस्सा घेऊन काय करायचंय, ती आमच्यातच राहणार’ असं म्हणून विषय मिटतो. आमच्याकडेही ते वाक्य कुणीतरी उच्चारलं. मग गवंडी कधी येणार याची चर्चा सुरू झाली.

अम्मींनी विचारलं, “प्लॉट किती फुटांचा?”

“बाराशे.”

“त्याचा आठवा?”

मुलगी सहावीत आहे, ती म्हणाली, “दीडशे, दादी.”

“दहा बाय पंधरा,” अम्मी म्हणाल्या. “मला माझा हिस्सा अंगणात द्या. पूर्वेच्या भिंतीकडे. त्यावर ब्लॉक बसवायचे नाहीत.”

धाकट्याने समजावून पाहिलं. बांधकामाची किंमत वेगळी, जमिनीची वेगळी, हिस्सा असा फुटांत मोजत नाहीत, तुमचा हक्क तर घरावरही आहे. अम्मी म्हणाल्या, घराचा हिशेब तुम्ही कागदावर नीट करा, तो मी सोडलेला नाही. अंगणाचं मात्र आजच सांगते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बहिणीने टेप आणली. वीस बाय वीसचं अंगण. पूर्वेची दहा बाय पंधरा फुटांची पट्टी सोडली, तरी गाडीला सोळा फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा आरामात निघत होती. इतके दिवस कुणी मोजलंच नव्हतं.

वारसनोंदीचे कागद आता वकिलाकडे आहेत आणि त्यात चारही नावं आहेत.

मार्चच्या सुरुवातीला शेंगा पिवळ्या पडल्या. चपट्या, टोकाला खाच असलेल्या, आत दोन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी. शेंगा फुटायच्या आत देठ कापून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवायचे, मग हाताने चोळून पाखडायचे. पांढऱ्याचं बी वेगळं धरून उपयोग नसतो. मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात आणि पुढच्या वर्षी रंग मिसळूनच येतात. बहिणीने थोडं बी सोलापूरला नेलं, काकूंना दिलं, फुफींनीही ‘पोरांसाठी’ म्हणून एक पुडी नेली. उरलेल्या बाटलीवर वर्ष अम्मींनी स्वतः लिहिलं.

त्यानंतर गवंडी आला आणि गाडीपुरते ब्लॉक बसवून गेला. जाताना त्याची वाळू उरली होती. अम्मींनी त्यातली चार घमेली पूर्वेच्या भिंतीकडे टाकून घेतली.