मिनिटाला बेचाळीस थेंब

नर्स होण्यासाठी मी दोन कर्जं काढली. एक अमेरिकन सरकारचं, त्याचा हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप कापला जातो. दुसरं एका काकूंचं. त्याला ना कागद, ना व्याजाचा दर. मी बँकेत नोकरी केलेली बाई. नोंद नसलेलं कर्ज मला बेचैन करतं. म्हणून ही नोंद.

आधी माझं शिक्षण काय होतं ते सांगते. अमेरिकेत ज्यांच्याकडे कुठल्याही विषयाची पदवी आहे, त्यांच्यासाठी नर्सिंगचा एक जलद अभ्यासक्रम असतो. एरवी चार वर्षांची पदवी त्यात बारा ते अठरा महिन्यांत उरकतात. सेंट लुईस विद्यापीठानं १९७१ साली ही वाट पाडली आणि मग ती देशभर रुळली. तुमची भाषा, इतिहास, समाजशास्त्र आधीच झालंय, तेव्हा आता नुसतं नर्सिंग शिका, असा त्यामागचा हिशेब. माझ्या वर्गात व्हायोलिनची पदवी घेतलेली मुलगी होती, हॉटेलच्या भटारखान्यातून आलेला आचारी होता, सैन्यातून बाहेर पडलेला एक गडी होता, आणि शिवाजी विद्यापीठाची एम.कॉम. अशी मी.

'नुसतं नर्सिंग' म्हणण्याआधी शरीररचनेचे दोन पेपर, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र एवढं सगळं पदरात हवं. ते मी न्यू जर्सीतल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग करून मिळवलं. आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं, इथलं चार वर्षांचं. त्यामुळे बी.कॉम. आणि एम.कॉम. अशा दोन पदव्या जोडल्या तेव्हा कुठे माझी एक पदवी भरली. विद्यापीठाचे सीलबंद लिफाफे थेट इकडे यावे लागतात. त्यासाठी धाकट्या भावानं सांगलीहून कोल्हापूरला ज्या खेपा घातल्या त्याचे पैसेही तो घेत नाही. आधीची पदवी असलेल्याला सरकारी अनुदान मिळत नाही, फक्त कर्ज. आणि तेही ग्रीन कार्ड हातात आल्यावर. नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेल्या बाईला आधी ते कार्ड येईपर्यंत वाट बघावी लागते, मग उरलेल्या सगळ्याची घाई करावी लागते.

घरी सांगितलं तेव्हा सांगलीच्या घरात फोनवर थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग आई म्हणाली, "डॉक्टर नाही होता येणार का?" पुढे बरेच दिवस ती नातेवाइकांना 'ती मेडिकलला आहे' एवढंच सांगायची. मला राग आला नाही, कारण मीही त्याच घरात वाढले. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. आपल्या पांढरपेशा घरांना रात्री आजारी पडल्यावर सिस्टर हवी असते. मुलगी सिस्टर झालेली मात्र अजून चालत नाही.

आता काकू. इझेलिनच्या ओक ट्री रोडच्या आसपास आपल्या लोकांनी भरलेल्या ज्या अपार्टमेंटच्या रांगा आहेत, तिथे संध्याकाळी आजी-आजोबांची फेरी निघते. पायात बूट, वर साडी, साडीवर जाड जाकीट. सहा महिन्यांच्या व्हिसावर नातवंडं सांभाळायला आलेली ही मंडळी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या सासूबाई त्यांतल्याच. एकदा जिन्यात माझ्या हातातली कॉलेजची पिशवी बघून त्यांनी विचारलं, "बीपी पाऱ्याचं शिकवतात का डिजिटल?"

मी म्हटलं, हातानं घ्यायला शिकवतात, पण पाऱ्याचं नाही, काट्याचं.

"काटा खोटं बोलतो. ये संध्याकाळी."

काकू एका जिल्ह्याच्या सिव्हिलमधून परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या. दहावीनंतर नर्सिंगला गेल्या, मग अधिपरिचारिका, मग वॉर्डच्या इन्चार्ज. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, जळीत, सगळे वॉर्ड केलेले. सून आयटीत, तिला सासूबाई 'हॉस्पिटलात होत्या' एवढंच ठाऊक. न्यू जर्सीत त्यांच्या हाताला काम काय, तर नातवाची दुधाची बाटली आणि दुपारची पोळी-भाजी.

पहिल्या सत्रात आमची एक परीक्षा फक्त औषधांच्या हिशेबाची होती. शंभरात नव्वद नाहीत तर वॉर्डात पाऊल नाही. त्यात सलाइनचे थेंब. आता दवाखान्यात सलाइन पंपावर चालतं, आकडा दाबला की झालं. पण पंप बंद पडला तर काय, म्हणून परीक्षेत थेंब विचारतात. पाचशे एमएल सलाइन चार तासांत द्यायचंय, एका एमएलचे वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती? मी एम.कॉम.; सूत्र लिहून, एककं काटून व्यवस्थित उत्तर काढत होते. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तासाला किती?"

"सव्वाशे."

"तीननं भाग."

बेचाळीस. तासाची मिनिटं साठ, एमएलचे थेंब वीस, साठला वीसनं भागलं की तीन, ते कायमचं. "इथला सेट पंधरा थेंबांचा असेल तर चारनं भागायचं. लहान पोरांचा साठ थेंबांचा असतो, त्याला भागायचंच नाही. जेवढे एमएल तेवढे थेंब." पाठ्यपुस्तकात हे होतं, पण तिथं ते चौकटीत, बारीक अक्षरांत होतं.

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी स्वयंपाकघरातला नळ अगदी थोडा सोडला, मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलं आणि म्हणाल्या, "बेचाळीसवर लाव." नळ बेचाळीसवर लावणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. केसभर फिरवला तर धार, उलटा फिरवला तर बंद. मी मोजायला लागले की काकू बोलायच्या. सुनेची गाऱ्हाणी, पटेलच्या दुकानातल्या कोथिंबिरीचा भाव, मधेच "सिस्टर, आमच्या पेशंटला बघा ना" असा नातेवाइकाचा आवाज काढून. मी वैतागून म्हटलं, जरा गप्प बसा ना काकू. "वॉर्डात कोण गप्प बसतं?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबिरीवर आल्या.

पेशंट पलंगावर असताना खालची चादर बदलायची, हे कॉलेजात रबरी पुतळ्यावर शिकवत. पुतळा हलका असतो आणि त्याला लाज नसते. काकू सरळ हॉलमधल्या गादीवर आडव्या झाल्या. "मला लकवा झालाय. उजवी बाजू गेली. बदल चादर." आणि त्यांनी अंग असं सोडलं की मला हात उचलवेना. त्यांना कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीशी लांबट गुंडाळायची, नवी तिच्या शेजारी पसरायची, मग तो उंचवटा ओलांडून त्यांना दुसऱ्या कुशीवर आणायचं. हे सगळं करताना बाईचं अंग उघडं पडता कामा नये. "तोंडानं सांगत राहा. आता वळवते, आता हात धरते. माणूस आहे, गाठोडं नाही." आणि कुशीवर घेतलंच आहे तर पाठ बघायची, माकडहाड बघायचं, टाचा बघायच्या, दर वेळी. दर दोन तासांनी कूस बदलायची हे पुस्तकातही होतं. शय्याव्रणाचा धोका मोजायला ब्रेडन नावाचा तक्ता असतो, सहा ते तेवीस गुणांचा, जितके गुण कमी तितका धोका जास्त. मी तो त्यांना समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "चांगलंय. आम्ही हे नजरेनं करायचो."

एका बाबतीत मात्र आमचं जुंपलं. त्यांच्या काळी पाठीला स्पिरिट लावून चोळायचे, वर पावडर. आता लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळायचं नाही असं शिकवतात; आतली कातडी आणखी दुखावते, स्पिरिटनं कोरडी पडते. काकू दोन दिवस हे मानायला तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी जिन्यातच म्हणाल्या, "तुझं पुस्तक बरोबर असेल. पण चोळायला बसलं की पेशंट बोलायचा. ते कशात बसवलंय तुमच्या पुस्तकानं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे पहिल्याच महिन्यात वॉर्डात एका वृद्ध गृहस्थांच्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग मला मोजे काढल्यावर दिसला. दाबून पाहिलं, पांढरा होईना. म्हणजे आत सुरुवात झालेली. माझ्या शिक्षिकेनं विचारलं, तू आधी आया म्हणून काम केलंयस का? मी म्हटलं, नाही, बँकेत होते. पेशंटबद्दल याहून जास्त सांगायला इथला कायदा परवानगी देत नाही, आणि सांगण्यासारखं एवढंच आहे की टाचा उचलून धरल्या, डाग वाढला नाही.

हे सगळं होत असताना एक गोष्ट मला खुपायची आणि अजून खुपते. या देशात पेशंटला हात लावायचा परवाना मला मिळणार होता, काकूंना नाही. त्यात कुणाचा दोष नाही. परदेशी नर्सला कागदपत्रांची तपासणी करून घ्यावी लागते आणि परवान्याची एन.सी.एल.ई.एक्स. परीक्षा द्यावीच लागते; ती परीक्षा मलाही होती. पण सव्वा वर्षाचा माझा कोर्स जलद झाला तो कॉलेजच्या वेळापत्रकामुळे, असं म्हणणं खोटं ठरेल. उभी हयात वॉर्डात घालवलेल्या बाईनं आपली वर्षं मला सहा महिन्यांत, पोळ्या लाटता लाटता दिली. मी फी देऊ केली तेव्हा त्या अशा रागावल्या की चार दिवस शिकवणी बंद होती. शेवटी भारतात परत जाताना एक गोष्ट स्वीकारली: उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या, त्यासाठी घट्ट मोज्यांचे दोन जोड. रंगसुद्धा स्वतः निवडला.

परीक्षा मी दिली तेव्हा नवी पद्धत सुरू झालेली होती. एप्रिल २०२३ पासून कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास. तुमच्या उत्तरांप्रमाणे संगणक पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरवतो आणि त्याची खात्री पटली की पडदा बंद करतो. निकाल कळला तेव्हा भारतात पहाट होती, तरी काकूंना फोन केला. काकूंनी अभिनंदन केलं नाही. विचारलं, "रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट?" मी म्हटलं, पाच, कधी सहा. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्यांच्या वॉर्डात खाटा तीस, पेशंट साठ, निम्मे जमिनीवर, आणि रात्री सिस्टर दोघी. कधी एकटीच. मग म्हणाल्या, "पाचच असतील तर प्रत्येकाचं नाव पाठ पाहिजे."

आता त्यांची भाची त्याच परीक्षेला बसते आहे, मुंबईच्या केंद्रावर. अमेरिकेची रांग भारतीयांसाठी दहा वर्षांहून लांब आहे हे तिला मी स्पष्ट सांगितलंय; पण हीच परीक्षा कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही चालते, म्हणून ती जोर लावून आहे. रविवारी मी तिला फोनवर प्रश्न घालते. काकूंना फोन स्पीकरवरच लागतो. गेल्या रविवारी प्रश्न होता: चार पेशंट आहेत. एकाची साखर दोनशे, एक दुखतंय म्हणून ओरडतोय, एकाला लघवीला जायचंय, आणि एकीची सकाळी थायरॉइडची शस्त्रक्रिया झालीय, ती श्वास घेताना आवाज येतोय. आधी कोणाकडे जाल?

भाची विचार करत होती. मागून काकूंचा आवाज आला, "थायरॉइडवाली. तिचा घसा बंद होतोय." मी म्हटलं, बरोबर काकू, पण उत्तर तिला देऊ द्या.

"देऊ दे की. पण जाता जाता त्या तिसऱ्याला युरिन पॉट देऊन जा म्हणावं, नाहीतर परत येईपर्यंत चादर बदलायला लागेल."