टाकी आहे का?

जुनं मॉडेल-इंजिन हाती आलं की बहुतेक शौकीन आधी त्यावर कोरलेलं नाव वाचतात. मी विचारतो, टाकी आहे का? विमान आपटलं तर इंजिन काढून कपाटात जातं आणि टाकी मोडक्या बाल्साबरोबर केरात. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं इंजिन नशिबाने सापडतं. टाकी सापडली तरी विकणाऱ्याला ती कशाची ते ठाऊक नसतं.

आपल्याकडे निघतं ते बहुधा कोलकात्याचं ऑरोरा, इंग्लंडच्या मिल्स पाऊण सीसीच्या धर्तीवर बनवलेलं. म्हणायचं डिझेल, पण पितं ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. प्लग नाही, डोक्यावरचा आडवा दांडा पिळून दाब जमवायचा. पडून राहिलं की एरंडेलाचा डिंक होतो आणि इंजिन जाम. मग पक्कड लावणाऱ्यांचा मला राग येतो. हेअर ड्रायरची ऊब द्या, तेलाचे दोन थेंब सोडा, सुटतं ते.

टाकीचं तसं नाही, ती वाचावी लागते. दोरीवर उडणारं विमान उडवणाऱ्याभोवती गोल फिरतं, त्यामुळे इंधन बाहेरच्या अंगाला फेकलं जातं. म्हणून टाकी पाचरीसारखी, निमुळती बाजू बाहेर; आत पितळी नळीचं तोंड त्याच बाजूच्या मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या थेंबापर्यंत इंधन मिळावं म्हणून. माझ्याकडची एक डब्याच्या पत्र्याची आहे. डाख जाड, ओघळलेला, एका कडेला बोटाने दाबल्यासारखा चपटा. विमानं बहुतेक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, म्हणजे पाचर उजवीकडे हवी. हिची डावीकडे. बनवणारा डावखुरा असावा, असा माझा तर्क. घरचे म्हणतात, चुकलं असेल.

गळती बघायला टाकी पाण्यात बुडवून नळीतून हलकेच फुंकतो. डाख द्यायचाच झाला तर आधी गरम पाण्याने पुन्हापुन्हा खळखळून घेतो, कारण उरलेल्या ईथरच्या वाफेला तापलेली खया पुरते. गंज मात्र खरवडत नाही.

अमेरिकेतल्या कॉक्सने १९५६ साली बेब बी काढलं, त्यात टाकी म्हणजे इंजिनाचाच मागचा भाग. संग्राहक त्यावर जीव टाकतात. मला त्यात गंमत वाटत नाही. जी टाकी हरवूच शकत नाही, ती शोधायची काय?